पहिल्यांदाच मांजराचं पिल्लू आणतोय, घरात काय तयारी करावी?

तुम्ही विचारलंय, की लातूरच्या भाड्याच्या घरात दोन महिन्यांचं पिल्लू येणार आहे, घरात दोन लहान लेकरं आहेत, तर आधी काय काय आणून ठेवावं? बाजारात जाण्याआधी घरात साठवलेलं पाणी बघा, हे माझं पहिलं सांगणं.

आपल्या मराठवाड्यात नळाला रोज पाणी कुठं येतं? मोरीत ड्रम, बादल्या, बाहेर हौद, सगळं भरलेलं असतं. बऱ्याच घरांत ड्रमच्या तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधतात. पिल्लाला ती बसायची जागा वाटते. उडी मारली की फडकं खचतं, पिल्लू आत जातं आणि प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीला नखं रुतत नाहीत. अर्धा रिकामा ड्रम तर जास्त वाईट, काठ हाताशी येतच नाही. म्हणून घट्ट बसणारं झाकण घ्या, नाहीतर फळी टाकून वर दगड ठेवा. हौदाला जाळी बसवा. मोरीचं दार लावायची सवय लेकरांना आतापासून लावा. कूलरचंही तसंच. गवताची जाळी निसटली असेल तर पिल्लू आत शिरतं, तिथं टाकीतलं पाणी, पंखा आणि पंपाची वायर, तिन्ही जिवावरची.

मग औषधं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, तिच्या शरीराला ती पचवताच येत नाही. ताप आलाय असं वाटलं तरी घरातलं कुठलंच औषध देऊ नका. फिनाइलनं फरशी पुसणं बंद करा, कारण मांजर दिवसभर पाय चाटतं आणि फरशीवरचं सगळं पोटात जातं. डांबर गोळ्या, उंदराचं औषध, गावाकडून आणलेल्या फवारणीच्या बाटल्या कुलुपात ठेवा. शेजारी उंदराचं औषध टाकतात का, तेही विचारून घ्या. औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तरी विषबाधा होऊ शकते. सुई-दोरा, मांजा, रबर उचलून ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं.

सुरुवातीला पिल्लाला अख्खं घर देऊ नका, एकच खोली द्या. खोक्याला एका बाजूनं भोक पाडून आत जुनी चादर टाकली की लपायची सोय झाली. लेकरांना सांगा, ते आपणहून बाहेर आल्यावरच हात लावायचा. शी-शूसाठी बसक्या काठाच्या टबात स्वच्छ वाळू चालते. टब जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवा आणि रोज साफ करा, नाहीतर पिल्लू कोपरा शोधणारच.

खाण्याच्या बाबतीत लोक दूध-पोळीवर थांबतात, ते मला अजिबात पटत नाही. गाई-म्हशीच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि घरच्या जेवणात ते मांस-मासळीतूनच मिळतं. कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. घरात माळकरी मंडळी असतील आणि चिकन शिजत नसेल, तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य आणा. चिकन शिजवणार असाल तर मीठ, कांदा, लसूण न घालता नुसतं उकडा. पण तेही रोजचं एकमेव जेवण नको, सोबत तयार खाद्य असू द्या.

आल्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. जंताचं औषध आणि पहिली लस आठव्या आठवड्याच्या सुमारास, नंतर ठरावीक अंतरानं पुढचे डोस, आणि रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, आणि अवघड काही निघालं तर तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, परभणीलाही आहे. लेकरांना ओरखडा किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.