पद्मिनीत जिप्सीचे इंजिन: कूलंटच्या पाइपांची मांडणी

आपण लिहिल्याप्रमाणे प्रीमियर पद्मिनीत मारुती जिप्सीचे जी13बीबी इंजिन माउंटवर बसले आहे, मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर तसाच वापरायचा आहे, त्याची टोपी थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगपेक्षा दोन बोटे खाली येते आणि गाडीत हीटर नसल्यामुळे हीटरची दोन्ही तोंडे बुजवण्याचा विचार आहे. होज (रबरी नळ्या) विकत घेण्याआधी कूलंटचे पाइप कसे जोडावेत हे विचारलेत ते फार बरे केलेत, कारण सगळी मांडणी त्या दोन बोटांवर अवलंबून आहे.

हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते आणि आपल्या गाडीत ती जागा थर्मोस्टॅटपाशी आहे. तेथे हवा अडकली की थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही, आणि तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहिला तर काटा शांत दिसतो, पण इंजिनाचे अॅल्युमिनियमचे हेड (वरचा भाग) तापून वाकू शकते. म्हणून फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर), थर्मोस्टॅटपेक्षा निश्चितपणे उंच अशी दाब सहन करणारी एक्स्पान्शन टाकी, म्हणजे तापून फुगलेले पाणी सामावणारी टाकी, बसवा. दाबाची टोपी त्या टाकीवर येईल आणि रेडिएटरला साधी, घट्ट बंद होणारी टोपी लागेल. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या माथ्यावरून एक आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीवरून एक, अशा 6 ते 8 मिलिमीटरच्या दोन बारीक नळ्या एक्स्पान्शन टाकीच्या वरच्या भागात न्या. त्या वाटेत कोठेही खाली झुकता कामा नयेत, आणि त्यांच्या तोंडाशी 2-3 मिलिमीटरचे छिद्र पुरते. ते मोठे ठेवले तर गरम पाणी रेडिएटर टाळून टाकीमार्गे फिरू लागते. टाकीच्या बुडातून सुमारे 19 मिलिमीटरचा होज वॉटर पंपाच्या सक्शन (पाणी आत ओढणाऱ्या) पाइपला, पंपाच्या जितका जवळ जोडता येईल तितका जोडा, म्हणजे इंजिन जोरात फिरतानाही पंपाला पाणी कमी पडणार नाही.

हीटरची तोंडे बुजवू नका. थर्मोस्टॅट बंद असताना हेडमध्ये पाणी फिरते राहावे लागते आणि हीटरची वाट त्याला मदत करते; दोन्ही तोंडे एका होजने एकमेकांना जोडली की काम भागते.

पद्मिनीचे मूळ इंजिन 1089 सीसीचे आणि सुमारे 40 अश्वशक्तीचे होते. आपले 1298 सीसीचे, 80 अश्वशक्तीचे आहे. त्यामुळे रेडिएटरवाल्याकडून नळ्यांच्या जास्त ओळींचा कोअर (रेडिएटरचा मधला जाळीदार भाग) बसवून घ्या आणि 0.9 बारची टोपी लावण्यापूर्वी त्याच दाबावर रेडिएटर तपासून घ्या. या टोपीमुळे साधे पाणीसुद्धा सुमारे 119 अंशांपर्यंत उकळत नाही, पण जुन्या झालेल्या सांध्यांना तेवढा दाब पेलवेलच असे नाही. विजेचा पंखा इंजिनाच्या बाजूने, पूर्ण आच्छादनासह बसवा. आच्छादन नसेल तर तो फक्त स्वतःसमोरच्या गोल भागातूनच हवा ओढतो.

होजसाठी सरळ नळी वाकवून बसवू नका, ती वळणावर चेपते. सुट्या भागांच्या दुकानात तारेचा नमुना घेऊन जा आणि तयार वळणाचे होज त्याच्याशी जुळवून, हवे तेथे कापून घ्या. मधल्या लांब अंतरासाठी धातूची नळी चालेल, मात्र तिच्या दोन्ही टोकांना उंचवटा काढून घ्यावा, नाहीतर दाबाखाली होज क्लिपमधून निसटतो. खालचा होज पंपाच्या ओढीने आत बसू नये म्हणून त्यात स्प्रिंग असावी. इंजिन रबरी माउंटवर हलते, तेव्हा दोन्ही होजना थोडी सैल जागा द्या आणि एक्झॉस्टपासून निदान 50 मिलिमीटर दूर ठेवा. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घ्या. तांबे, पितळ आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात असताना गंजरोधक द्रव्याशिवाय भागत नाही.

भरताना गाडीचे नाक उंच ठेवा, दोन्ही टोप्या उघड्या ठेवून सावकाश ओता आणि वरचा होज हाताने दाबत राहा. रेडिएटर काठोकाठ भरला की त्याची टोपी बंद करून पुढचे टाकीतूनच भरा. बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत टाकीतील पातळी पाहत राहा, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सर्व क्लिपा पुन्हा एकदा आवळा.