लोकनृत्य शिकवू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

शाळेने स्नेहसंमेलनासाठी लेझीम आणि तारपा असे दोन्ही नाच बसवण्याची जबाबदारी तुझ्यावर सोपवली आहे आणि त्यासाठी तू मोबाइलवर चित्रफिती पाहून पावले उतरवून घेत आहेस, असे तू लिहितेस. चित्रफिती पाहण्यास माझी हरकत नाही. पण त्यांतून सर्वांत आधी उचलली जातात ती पावले, आणि लोकनृत्य शिकताना पावले सर्वांत शेवटी यायला हवीत. आधी वाद्य ऐकायला शीक आणि मुलांनाही तेच आधी शिकव, एवढेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे.

तारप्याचेच घे. पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगड, डहाणू या भागांत भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंत वारली पाड्यांवर हा नाच रंगतो. वाळवलेला भोपळा, त्याला मेणाने घट्ट बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, असे तारपा हे वाद्य असते. ते वाजवणारा तारपकरी गालांत हवा धरून ठेवतो आणि वाजवता वाजवताच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. आणि सूर तुटत नाही म्हणूनच एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून उभी राहिलेली माणसांची साखळीही थांबत नाही. त्याने चाल बदलली की पाऊल बदलते, तो वळला की रांग वळते, आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. २०११ साली पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत हा फेर तू पाहिला असशील: मध्ये तारपकरी आणि त्याच्याभोवती गुंडाळत गेलेली माणसे. आता हाच नाच ध्वनिमुद्रित गाण्यावर, 'एक, दोन, तीन, चार' मोजत, प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या तीन रांगांत बसवला, तर त्यात तारपकऱ्याला काही कामच उरत नाही. मुलांना पुढची चाल कधी येणार हे पाठ असते, म्हणून ती ऐकायचे सोडून देतात, आणि ऐकणे सुटले की हात एकमेकांच्या कमरेवर असूनही प्रत्येक जण एकटाच नाचत राहतो.

लेझमीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे आकड्यांना आणि हुकमांना जागा आहे, कारण व्यायामशाळांतून आणि शाळांच्या मैदानांवरून लेझमीला कवायतीची शिस्त लागलेली आहे; 'चार आवाज', 'आदि लगाव', 'पवित्रा' हे शब्द महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या कानांत बसलेले आहेत. या शिस्तीला कमी लेखू नकोस. तरीही पहिल्या दिवशी मुलांना उभे करू नकोस. त्यांना बसवून हातात फक्त लेझीम दे आणि ती उघडायला व मिटायला सांग. दांडा आणि साखळी एकमेकांपासून दूर जाताना एक आवाज येतो, जवळ येताना दुसरा. चकत्यांचा तो आवाज कोरडा, तुटक आणि एकदाच आला पाहिजे. मागून बारीक खळखळ ऐकू आली, तर समज की मनगट वेळेवर थांबलेले नाही आणि मूल खांद्याने लेझीम हलवत आहे. हे कानाला लगेच कळते; डोळ्यांनी चाळीस मुलांत ते शोधणे जवळजवळ अशक्य आहे. सगळ्यांचा आवाज एकाच वेळी पडू लागला की मग त्यांना डोळे मिटायला सांग आणि हलगी सुरू कर, तीही संथ.

हलगी मात्र खरीच हवी. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडच्या जत्रांत लेझमीचा डाव हलगी, घुमकं (ढोलासारखे वाद्य) आणि कैताळ (झांज) यांवर चालतो, आणि वाजवणारा खेळणाऱ्यांच्या पायांकडे पाहून लय चढवतो किंवा आवरतो. ध्वनिक्षेपकाला हे करता येणार नाही. गावातील हलगीवाल्याला दोन दिवस आधी बोलाव. तो वाजवण्यापूर्वी हलगीचे चामडे आगीवर शेकतो, ते मुलांना जवळून पाहू दे आणि शेकण्यापूर्वीचा व नंतरचा आवाज त्यांना ऐकव.

शिकवताना शक्यतो गोल कर. समोर उभी राहून शिकवलेस, तर तुझा उजवा हात मुलांना डावा वाटतो आणि निम्मा वेळ त्याच गोंधळात जातो. शिवाय रांगांत ज्याला जमत नाही ते मूल हळूहळू मागे सरकते आणि तिथेच राहते. गोलात मागची रांगच नसते. जे मूल अडखळते, त्याला सर्वांत स्थिर मुलाशेजारी उभे कर आणि त्याविषयी काहीही बोलू नकोस.

वेशभूषेविषयी तू बरेच विचारले आहेस. वारली किंवा धनगर म्हणून अंगावर काय चढवायचे ते त्या समाजातील माणसालाच विचार, बाजारात भाड्याने मिळणाऱ्या कपड्यांवर विसंबू नकोस, एवढे पुरे.

याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक नाच रंगमंचावर आणायचाच, असा आग्रह धरू नकोस. गोव्यातील धालो हा नाच पौष महिन्यात स्त्रिया मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या जागेवर, खेळतात आणि तो मांड पवित्र मानला जातो. गोंधळ हे देवीपुढचे विधिनाट्य आहे, त्यात दिवटी (मशाल) आणि संबळ (जोडवाद्य) सजावटीसाठी येत नाहीत. असे काही पाहायचे असेल तर मुलांना घेऊन तिथे जा, परवानगी माग, कडेला बसून पाहा. पाहून परत येणे आणि त्यावर वर्गात बोलणे हेही शिक्षणच आहे, आणि माझ्या मते स्नेहसंमेलनातील पाच मिनिटांपेक्षा ते कितीतरी मोलाचे आहे.

तारप्यासाठी तुझ्याकडे अजून वेळ आहे. मुख्याध्यापकांकडून तारपकऱ्याच्या प्रवासखर्चाची आणि मानधनाची लेखी मंजुरी आजच घे. त्याच्या हाती केवळ शाल आणि नारळ देऊन त्याला परत पाठवू नका. तो आल्यावर पहिले दोन तास तूही मुलांबरोबर साखळीत उभी राहा आणि शिकवण्याचे काम त्याच्यावर सोपव. काय जमले आणि कुठे अडले, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
एक जुना शिक्षक