वाचकांचे प्रश्न: जुनी एस्टीम, नवा ईसीयू आणि हेडलाइट लावले की पडणारा आयडल

प्रश्न : नमस्कार सर. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, बाबांची 1996 ची कार्ब्युरेटरवाली एस्टीम अजून वापरतो. मागे कार्ब काढून मारुतीच्याच एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीची थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर बसवले, मेगास्क्वर्ट ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा, स्वतः ट्यून करता येणारा कॉम्प्युटर) लावला, ओळखीच्या ट्यूनरनी मॅप करून दिला आणि गाडी मस्त चालायची. आता तीन त्रास आहेत. रात्री हेडलाइट असताना रेडिएटरचा फॅन सुरू झाला की आयडल (पाय न देता इंजिनचा वेग) पडतो, कधी गाडी बंदच होते. उन्हात दहा मिनिटं उभी करून परत स्टार्ट केली की फडफड करते. आणि खंडवा रोडनं परत येताना सिमरोळचा घाट चढताना दम लागतो. सगळे म्हणतात ईसीयूमधलं व्हीई टेबल नव्यानं बनव. ऑटोट्यून (मीटर बघून सॉफ्टवेअर आपोआप टेबल बदलतं ते) लावून फिरलो तर अजूनच बिघडलं. मीटरवर हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 आणायला बघतो तर एकजण म्हणाला ई20 ला (20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) 13.5 पाहिजे. नक्की काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी ट्यूनरनी दिलेली जुनी मॅप फाइल शोधा आणि तीच परत लोड करा, ऑटोट्यूनचं जे काही झालंय ते सोडून द्या. व्हीई टेबलमध्ये काय असतं तर अमुक आरपीएमला, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) अमुक प्रेशर असताना सिलिंडर किती हवा ओढतो तेवढंच. तुमचं इंजिन तेच, कॅम तोच, सायलेन्सर तोच, मग हवा ओढणं बदललं कुठे? बदललंय ते व्होल्टेज, सेन्सरजवळची गरमी आणि पेट्रोल. तिन्हीला ईसीयूमध्ये वेगळी वेगळी जागा आहे, आणि तिथलं दुखणं व्हीई टेबलमध्ये दाबायला गेलं की दिवसा नीट केलेली गाडी रात्री बिघडते, रात्री नीट केलेली दुपारी.

हेडलाइटचं बघू, कारण खरी मजा तिथेच आहे. इंजेक्टरला करंट मिळाला म्हणजे तो लगेच उघडत नाही, उघडायला थोडा वेळ जातो, त्याला डेड टाइम म्हणतात, आणि व्होल्टेज कमी झालं की तो वाढतो. समजा आयडलवर पल्स (इंजेक्टरला करंट देण्याचा वेळ) 2 मिलिसेकंदाचा आहे आणि त्यातला 1 उघडण्यातच गेला, म्हणजे पेट्रोल खरं पडतंय ते उरलेल्या 1 मध्ये. आता फॅन आणि लाइट एकदम आले, व्होल्टेज 14 वरून साडेबारावर आलं आणि डेड टाइम 0.15 नं वाढला, तर पेट्रोल सरळ 15 टक्के कमी झालं. एवढं लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) झाल्यावर आयडल पडणारच. हायवेवर हाच पल्स 7-8 मिलिसेकंदाचा असतो म्हणून तिथे तुम्हाला काही जाणवत नाही.

पण लॅपटॉप उघडायच्या आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, सगळे लाइट, फॅन, ब्लोअर चालू, आणि बॅटरीचं निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक असं मोजा. 0.1 ते 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी बदला, इतक्या जुन्या गाडीत ती आतून हिरवी पडलेली असते आणि वरून चांगली दिसते. मग बॅटरीचं पॉझिटिव्ह ते इंजेक्टरची सप्लाय, आणि पॉझिटिव्ह ते फ्युएल पंप, असंच मोजा. पंपाला कार्बच्या जमान्यातल्या बारीक वायरीतून करंट जात असेल तर बॅटरीपासून रिले आणि फ्यूज टाकून नवी जाड वायर ओढा, महाराणी रोडवर सगळं मिळतं. ईसीयूचं आणि सेन्सरांचं अर्थिंग इंजिनवर एकाच ठिकाणी हवं, बॉडीवर कुठेतरी स्क्रू मारून नको. हे झाल्यावर गरम आयडलवर लाइट चालू-बंद करत लॅम्ब्डा (पेट्रोल पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा, 1 च्या वर म्हणजे लीन) बघा, लाइट लावल्यावर लीन होत असेल तर डेड टाइमचं व्होल्टेज करेक्शन थोडं थोडं वाढवा, लॅम्ब्डा हलायचा थांबला की तिथेच सोडा.

गरम स्टार्टचं दुखणं बहुतेक हवेच्या टेंपरेचर सेन्सरचं आहे. तो मॅनिफोल्डच्या धातूत बसवला असेल तर गाडी उभी असताना इंजिनच्या गरमीनं तापतो, आत येणारी हवा 45 डिग्रीची आणि सेन्सर सांगतो 70. ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे, तो पेट्रोल कापतो, इंजिन फडफडतं. सेन्सर थ्रॉटलच्या आधी एअर फिल्टरच्या प्लास्टिक पाइपमध्ये हलवा आणि तरीही राहिलं तर वरच्या टेंपरेचरला जे करेक्शन पेट्रोल कापतंय ते जरा सौम्य करा. इंदूरच्या मे महिन्यात हे काम सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

आता ई20. एक्झॉस्टमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लॅम्ब्डा मोजतो, मीटर त्याला 14.7 नं गुणून दाखवतं, म्हणून पेट्रोल कुठलंही असो, पूर्ण जळणाऱ्या मिश्रणाला मीटर 14.7 च म्हणणार. ई20 चा खरा आकडा साधारण 13.5 आहे हे बरोबर, पण त्या मीटरवर 13.5 आणलं तर लॅम्ब्डा 0.92 होतो, म्हणजे आयडलवर उगाच रिच (पेट्रोल जास्त). मीटर आणि सॉफ्टवेअर दोन्ही लॅम्ब्डावर करून टाका, भांडणच मिटेल. आयडल आणि साध्या चालीत 1 च्या आसपास, फुल थ्रॉटलला 0.86 ते 0.88.

घाटातला दम इथेच येतो. तुमचा मॅप ई10 वर बनला असेल तर त्याचा आकडा साधारण 14.1, आणि 14.1 ला 13.5 नं भागलं की कळतं पेट्रोल साडेचार टक्के जास्त लागतं. तेव्हा 0.87 ठेवलेलं आता 0.91 झालंय. यासाठी टेबलचा एकेक खाना बदलायचा नाही, सगळ्या टेबलला लागू होणारा रिक्वायर्ड फ्युएलचा एकच आकडा साडेचार टक्के वाढवा. शिवाय फ्युएल प्रेशरचं गेज लावून बघा. लोडवर प्रेशर पडत असेल तर फिल्टर किंवा पंप, आणि मग कितीही ट्यूनिंग केलं तरी व्यर्थ आहे.

आणि एक गोष्ट आजच बघा, बाकी सगळं रविवारी. इंजेक्शनच्या लाइनमध्ये साधारण 3 बार प्रेशर असतं, कार्बच्या पंपाचं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. कुठेही जुना कार्बचा रबर पाइप राहिला असेल तर तो तेवढ्या प्रेशरसाठी नाहीच, ई20 नं रबर अजून लवकर खराब होतं, आणि फुटला तर पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर. इंजेक्शनचाच पाइप आणि त्याचेच क्लॅम्प लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका.

एवढं करून टेबलला हात लावायची गरज उरलीच तर आधी ईसीयूमध्ये स्पार्कचं टायमिंग 10 डिग्रीवर फिक्स करून टायमिंग लाइटनं क्रँक पुलीवर तेवढंच दिसतंय का बघा, आरपीएम वाढवल्यावर खूण सरकायला नको. किल्ली ऑन, इंजिन बंद, तेव्हा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा) इंदुरात 95 किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवा, आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. 101 दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकलंय. ऑटोट्यून फक्त इंजिन पूर्ण गरम असताना, पाय एकसारखा ठेवून. थंड इंजिनात किंवा सिग्नलच्या ट्रॅफिकमध्ये तो भलतेच आकडे लिहितो, तुमचं तेच झालंय असं वाटतं. चालवायला एक माणूस, लॅपटॉप बघायला दुसरा, एकट्यानं कधीच नाही.

प्रश्न : असा ईसीयू लावल्यावर पीयूसी आणि आरटीओला अडचण येते का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : पीयूसीला उलट सोपं जातं. भारत स्टेज 2 च्या आधीच्या पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो आणि आयडल लॅम्ब्डा 1 वर असेल तर तुम्ही आरामात खाली असता. आरटीओचं म्हणाल तर मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवरचे तपशील कंपनीनं मूळ दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत नको. इंजिनच दुसऱ्या गाडीचं टाकलं असेल तर नोंद करून घ्यावीच लागते. इंजिन तेच असेल तरी री-रजिस्ट्रेशनच्या आधी आरटीओत जाऊन विचारून घ्या.

प्रश्न : वाइडबँड महाग पडतो, गाडीचा जुना ऑक्सिजन सेन्सर चालेल का? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : ट्यूनिंगला नाही. तो फक्त 1 च्या खाली की वर एवढंच सांगतो, फुल थ्रॉटलला 0.87 आहे की 0.80 हे त्याला कळत नाही. दोन-तीन मित्रांत मिळून एक वाइडबँड घ्या, प्रत्येकाच्या एक्झॉस्टला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून ठेवा आणि काम झालं की सेन्सर काढून बंगला प्लग लावा. हीटर बंद असलेला सेन्सर एक्झॉस्टमध्ये तसाच ठेवून गाडी चालवली तर तो खराब होतो.