स्कॉटलंडच्या संसदेत फर्स्ट मिनिस्टरला माझ्या वतीने कोणी प्रश्न विचारेल का, आणि त्याचं नेमकं उत्तर मिळतं का?

तुम्ही ग्लासगोत राहता, पत्नीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख अनेक महिने लागत नाहीये, आणि दर गुरुवारी फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे स्कॉटलंड सरकारच्या प्रमुखाला, जे प्रश्न विचारतात त्यात हा विषय येऊ शकेल का, असं तुम्ही विचारलंय. येऊ शकतो. पण तुम्हाला उत्तर हवं असेल तर गुरुवारच्या मागे लागू नका. तुमच्या एमएसपीला, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेतल्या सदस्याला, लेखी प्रश्न द्यायला सांगा.

गुरुवारी दुपारी १२ वाजता एडिनबराच्या हॉलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, साधारण पाऊण तास हे प्रश्न चालतात. सुरुवातीचे प्रश्न मोठ्या विरोधी पक्षांच्या नेत्यांचे असतात आणि त्यांना लागोपाठ उपप्रश्न विचारता येतात. बाकीचे सदस्य प्रश्न देतात आणि त्यांतले काही पीठासीन अधिकारी निवडतात. निवडलेल्या प्रश्नाचा मजकूर काही दिवस आधीच छापून येतो, त्यामुळे अधिकाऱ्यांनी त्यावर टिपणं तयार ठेवलेली असतात. खरा नेम असतो तो उपप्रश्नात. छोट्या पक्षाचा नेता कधी कागदावर एवढंच विचारतो, ‘मंत्रिमंडळाची पुढची बैठक केव्हा?’ फर्स्ट मिनिस्टर म्हणतात, ‘मंगळवारी.’ आणि मग त्याचा मूळ विषय निघतो.

तुमच्या पत्नीचा विषय तिथे निघाला तरी त्याला अर्धा-एक मिनिट मिळेल. उत्तर बहुधा असं येतं: ऐकून वाईट वाटलं, सदस्यांनी तपशील पाठवावा, आरोग्यमंत्री लक्ष घालतील. हे वाक्य वाया जात नाही. ते अधिकृत इतिवृत्तात नोंदलं जातं आणि त्याचा हवाला देऊन एमएसपी लगेच पत्र लिहू शकतो. आकडा मात्र हाती लागत नाही. उत्तर चुकीचं वाटलं म्हणून कोणी हरकतीचा मुद्दा काढला, तर पीठासीन अधिकारी सांगतात की उत्तरात काय असावं हा त्यांचा प्रांत नाही. खोट्याला आळा आहे तो मंत्र्यांच्या आचारसंहितेचा: चूक झाली तर लवकरात लवकर दुरुस्ती करायची, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर राजीनामा अपेक्षित.

लेखी प्रश्नाला अशी निवड नाही. आपल्या विधानसभेतल्या अतारांकित प्रश्नाशी त्याचं बरंच साम्य आहे. कामकाजाच्या १० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, लांब सुट्टीत २० दिवसांत. ‘सविस्तर उत्तर नंतर देऊ’ असं तात्पुरतं उत्तरही येतं. तसं आलं तर दोन आठवड्यांनी एमएसपीच्या कार्यालयाला आठवण करा.

सगळं अवलंबून असतं ते प्रश्नाच्या शब्दांवर. ‘प्रतीक्षायादी कमी करण्यासाठी सरकार काय करतंय?’ असं विचारलंत तर किती निधी दिला, किती डॉक्टर वाढवले याचा परिच्छेद येईल. त्याऐवजी असं लिहा: ‘ग्रेटर ग्लासगो अँड क्लाइड आरोग्य मंडळात अमुक तारखेला गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी किती रुग्ण थांबले होते, आणि त्यांपैकी किती जणांना १२ आठवड्यांहून जास्त काळ झाला होता?’ मंडळ, तारीख, शस्त्रक्रिया आणि मुदत, चारही गोष्टी त्यात आल्या. १२ आठवडे हा आकडा २०११ च्या रुग्णहक्क कायद्यातला आहे. एक गोष्ट इथे बरेच जण चुकतात: ही मुदत जीपीने (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरने) पत्र दिल्यापासून मोजत नाहीत. रुग्णालयात उपचार ठरतो आणि रुग्ण त्याला होकार देतो, तिथून ती सुरू होते. चुकीच्या दिवसापासून मोजलंत तर पहिल्याच पत्रात तुमचा मुद्दा खोडला जाईल.

नेहमी येणारी अडचण म्हणजे ‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ हे उत्तर. स्कॉटलंडमध्ये १४ प्रादेशिक आरोग्य मंडळं आहेत आणि काही आकडे फक्त त्यांच्याकडेच असतात. असं उत्तर आलं तर तोच प्रश्न थेट मंडळाला माहितीच्या अधिकारात विचारा. त्यासाठी स्कॉटलंडचा २००२ चा स्वतंत्र कायदा आहे, मुदत कामकाजाचे २० दिवस. त्यासाठी एमएसपीची गरज नाही.

तुमचे एमएसपी एक नाही, आठ आहेत: एक मतदारसंघाचा, सात विभागाचे (विभाग म्हणजे अनेक मतदारसंघ मिळून). पत्नीच्या तारखेचं काम मतदारसंघाच्या एमएसपीकडे द्या, कारण रुग्णालयाशी त्याच्या कार्यालयाचा रोजचा पत्रव्यवहार असतो. आकड्यांचा लेखी प्रश्न मात्र मी विभागातल्या विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देईन. सरकारला अडचणीचं विचारायला तो कचरत नाही. ईमेलमध्ये पोस्टकोडसकट पत्ता हवाच, नाहीतर तुम्ही त्याच्या भागातले आहात की नाही इथेच आठवडा जाईल. रुग्ण पत्नी आहे, तेव्हा तिची लेखी संमती जोडा. ती नसेल तर रुग्णालय एमएसपीला काहीही कळवणार नाही. तुम्ही तिथले मतदार असण्याची किंवा ब्रिटिश नागरिक असण्याची अट नाही, त्या भागात राहत असलात की पुरे.

विषयाची हद्दही पाहून घ्या. आरोग्य, शाळा, पोलीस, घरं हे विषय हॉलीरूडकडे आहेत. व्हिसा, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार हे १९९८ च्या कायद्याने लंडनसाठी राखून ठेवलेत. पत्नीच्या व्हिसाबद्दल काही असेल तर ते वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेतल्या, खासदाराकडे न्या, हॉलीरूडमध्ये तो प्रश्न दाखलच करून घेणार नाहीत.

प्रश्न दाखल झाला की त्याचा क्रमांक मागून घ्या. २०२१ साली निवडून आलेल्या सहाव्या संसदेतले लेखी प्रश्न ‘एस६डब्ल्यू’ने सुरू होतात, त्यानंतरच्या संसदेत आकडा ७ होतो. त्या क्रमांकावरून संसदेच्या संकेतस्थळावर उत्तर तुम्हालाच शोधता येतं. आणि जून संपायच्या आत पत्र टाका, कारण जुलै-ऑगस्ट सुट्टीत जातात.