'पुट ऑफ'मध्ये कोण अडकलंय ते बघ

प्रिय मुली,

ऐरोलीच्या कंपनीत लागलीस, आता उठता-बसता 'पुट ऑफ' कानावर पडेल. 'पुढे ढकलणे' एवढाच अर्थ पाठ करून जाऊ नकोस. ढकललं जातंय ते काम की माणूस, हे आधी बघ.

काम असेल तर सरळ आहे. रविवारी ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक, म्हणून सहल पुढे गेली: 'वी पुट ऑफ द पिकनिक टिल नेक्स्ट संडे.' रद्दच झाली असती तर 'कॉल्ड ऑफ'. भूतकाळातही 'पुट'च; 'पुटेड' असं काही नसतं. गडबड होते ती शब्दांच्या जागेत. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण 'इट' आलं की ते मध्येच बसवायचं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' साफ चूक. फोनवर हे तीन शब्द 'पुटिटॉफ' असे एका दमात येतात, जोर शेवटच्या 'ऑफ'वर. तसंच मोठ्यानं म्हणून कान तयार कर. पुढे क्रियापद जोडायचं तर 'टु' नको, 'आयएनजी' हवं: 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट.' इथे ढकलणं कसलं, चक्क टाळाटाळच.

माणूस मध्ये आला की रंग बदलतो. घरमालक डिपॉझिट परत द्यायला आज-उद्या करतोय: 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ', म्हणजे टोलवतोय. कर्ता एखादी वस्तू किंवा परिस्थिती असेल, तर बहुतेक वेळा मन उडालं असं समज. फ्लॅट पसंत होता, पण घोडबंदरचा ट्रॅफिक बघितला आणि नको वाटलं: 'द ट्रॅफिक पुट मी ऑफ बायिंग द फ्लॅट.' ब्रिटिश माणूस काम करता करता 'डोन्ट पुट मी ऑफ' म्हणाला, तर त्याचं लक्ष विचलित होतंय. तेवढा वेळ गप्प बसावं.

'पुट ऑफ द फॅन' आपल्याकडे सर्रास चालतं. परदेशी सहकाऱ्यांशी 'स्विच ऑफ' बरं.

क्लायंटच्या मेलमध्ये मात्र जपून. 'वी आर पुटिंग ऑफ द रिलीज' वाचून त्याला चालढकलीचा वास येऊ शकतो. तिथे 'पोस्टपोन' वापर आणि नवी तारीख त्याच वाक्यात दे: 'द रिलीज हॅज बीन पोस्टपोन्ड टु 14 ऑगस्ट.' घाईत 'हॅज बीन' गाळू नकोस. तारीख ठरली नसेल तर 'अंटिल फर्दर नोटिस' लिही आणि कारण एका ओळीत सांग.

तुझे,
सर