दुर्बिणीची उपकरणे घडवायची असतील, तर मेकॅनिकल सोडू नये

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या सोलापुरात मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या दुर्बिणींची प्रकाशीय उपकरणे घडवायची म्हणून तिला ते शिक्षण सोडून भौतिकशास्त्राच्या बी.एस्सी.ला जायचे आहे, आणि तसे करू द्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तिने शाखा मुळीच सोडू नये.

दुर्बिणीने गोळा केलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेणाऱ्या उपकरणात भिंगांची आखणी महत्त्वाची खरीच, परंतु ती भिंगे आपापल्या जागी अचूक धरून ठेवणे तितकेच अवघड असते आणि ते मेकॅनिकल अभियंत्याचे काम आहे. 200 मिलिमीटर व्यासाचे भिंग ॲल्युमिनियमच्या कड्यात 20 अंश सेल्सिअसला बसवले आणि लडाखमधील हानले येथील वेधशाळेत पारा उणे 10 अंशांवर उतरला, तर कडे काचेपेक्षा सुमारे 0.1 मिलिमीटर अधिक आकसते. काचेवर ताण येऊन प्रतिमा बिघडते, प्रसंगी काच तडकतेही. म्हणून कड्याला लवचीक पात्या द्याव्या लागतात, किंवा काच आणि धातू यांच्यामध्ये रबरासारख्या पदार्थाचा हिशेबाने ठरवलेला थर भरावा लागतो. शिवाय दुर्बीण ताऱ्यामागे वळत असताना तिच्यावर बसवलेले उपकरण स्वतःच्या वजनाने किंचित वाकते, त्याचाही बंदोबस्त करावा लागतो.

तिने आता पदवीस्तरावरील प्रकाशशास्त्र स्वतः वाचावे, फायनाइट एलिमेंट विश्लेषण (भागावर येणारा ताण आणि त्याचे वाकणे संगणकावर काढण्याची पद्धत) आणि ड्रॉइंगमधील टॉलरन्स (मापात चालणारा कमाल फरक) पक्के करावेत आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्येच असा एक भिंगधारक बनवून तो तापवून व थंड करून तपासावा. अर्ज करताना गुणपत्रिकेइतकेच, मला वाटते थोडे अधिकच, वजन अशा कामाला मिळते.

पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था सोलापूरपासून फार दूर नाही. 2023 मध्ये गेलेल्या आदित्य-एल1 यानावरील सूर्याच्या अतिनील प्रतिमा घेणारी दुर्बीण तिथल्याच नेतृत्वाखाली तयार झाली. बंगळूरुच्या भारतीय खभौतिकी संस्थेतही उपकरणनिर्मिती चालते.

नोकरीविषयी मात्र स्पष्ट लिहितो. या क्षेत्रात जागा थोड्या असतात आणि अनेक नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात. 492 तुकडे जोडून केलेला तीस मीटर व्यासाचा आरसा असणाऱ्या नियोजित ‘तीस मीटर दुर्बिणी’त भारत भागीदार आहे, पण हवाईतील जागेला झालेल्या विरोधामुळे तिचे बांधकाम 2015 पासून रखडले आहे. एकाच दुर्बिणीवर भिस्त ठेवू नये. हेच कौशल्य संरक्षण आणि उपग्रहांच्या कॅमेऱ्यांनाही लागते. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षी सुरू करावी. प्रकाशीय अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला मेकॅनिकलची पदवी चालते का, हे प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात आधी पाहून घ्यावे.