शब्दकोड्यासाठी लांब पण चतुर शोधसूत्रे कशी लिहावीत आणि ती किती लांब असावीत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिले आहे की गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक अंकासाठी तुम्ही शब्दकोडे रचत आहात आणि अंकाचे काम पाहणाऱ्यांनी ‘सूत्र चार शब्दांच्या आत बसवा’ अशी अट घातली आहे. हे वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण सूत्रातल्या एका शब्दापायी माझे एका उपसंपादकांशी जे वाजले, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

मी नऊ वर्षे एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीसाठी शब्दकोडे रचत होतो. वाचकांनी भरलेले कोडे कापून पोस्टकार्डावर चिकटवून पाठवायचे आणि बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढून एकाला एक्कावन्न रुपये द्यायचे, अशी पद्धत होती. १९९७ च्या लग्नसराईत मी अकराव्या आडव्या शब्दासाठी पुढील सूत्र दिले: ‘तीन वरातींत लपून बसला, तरी लग्न याचेच (३).’ उत्तर अर्थातच ‘नवरा’. लग्न त्याचे, हा सूत्राचा सरळ अर्थ. आणि ‘तीन वरातींत’ हे दोन शब्द मधली जागा न मानता सलग वाचले, तर न, व, रा ही अक्षरे ओळीने बसलेली दिसतात, हा शब्दखेळ. हे सूत्र मला एस.टी.त शेजारच्या माणसाच्या हातातली लग्नपत्रिका चोरून वाचताना सुचले होते आणि घरी पोहोचेपर्यंत विसरू नये म्हणून मी ते तिकिटाच्या मागे लिहून ठेवले होते. त्या वर्षातले माझे सर्वांत चांगले सूत्र तेच, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

रविवारी पुरवणी उघडली तर तिथे छापले होते: ‘वरातीतील महत्त्वाची व्यक्ती (३).’

चौकटीत या शब्दाच्या पहिल्या घरातून ‘नगारा’ खाली जात होता, त्यामुळे ‘न’ नक्की होता. पुढची दोन घरे मात्र मोकळी होती. आलेल्या पोस्टकार्डांपैकी निम्म्याहून अधिक कार्डांवर ‘नवरी’ लिहिलेले होते, आणि त्या वाचकांचे काहीही चुकले नव्हते. आपल्याकडची वरात म्हणजे हिंदी चित्रपटातली बारात नव्हे. ती लग्न लागल्यावर दोघांना घेऊन वराच्या घरी निघते, म्हणजे नवरी तिच्यात असतेच, आणि सर्वांच्या नजरा तिच्यावरच असतात. एका बाईंनी ‘नणंद’ असे उत्तर भरून खाली कारणमीमांसाही दिली होती: वरातीत खरा मान नणंदेचा असतो आणि तो राखला नाही तर पुढे काय होते, हे कोडेकारांना ठाऊक नसावे. मूळ सूत्रात ‘बसला’ आणि ‘याचेच’ या दोन शब्दांनी पुल्लिंग पक्के केले होते. ‘व्यक्ती’ या शब्दाने तेही गेले.

मी कार्यालयात गेलो. उपसंपादक संस्कृत घेऊन एम.ए. झालेले, वागायला सभ्य, चहा पाजणारे. त्यांनी प्रथम विचारले, “एका माणसाच्या तीन वराती निघतात का? आणि तीन अक्षरे आहेत हे कंसात लिहिलेच आहे, मग पुन्हा ‘तीन’ कशाला?” त्यानंतर त्यांनी मला वैयाकरणांचे ते प्रसिद्ध वचन ऐकवले, की सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी व्याकरणकारांना पुत्रजन्माचा आनंद होतो. सूत्र म्हणजे थोडक्यात सांगणे, नाही तर त्याला सूत्र तरी कशाला म्हणायचे, असे त्यांचे म्हणणे. मला उत्तर सुचले नाही. मी चहा संपवून घरी आलो आणि पुढच्या रविवारी ‘कोडेकारांच्या नजरचुकीमुळे’ अशा शब्दांत खुलासा छापून आला.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. आर्थर विन यांनी डिसेंबर १९१३ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे दिले, तेव्हा त्यातली सूत्रे साधी, शब्दाचा अर्थ सांगणारी होती, आणि आपल्याकडची बहुतेक कोडी अजून तिथेच आहेत: ‘कमळ (३)’, की भरा ‘पंकज’ किंवा ‘नलिनी’, जे बसेल ते. फसवे सूत्र वाढले ते इंग्लंडमध्ये. ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून टॉर्क्वेमाडा या नावाने कोडी येऊ लागली, आणि पुढे त्याच वृत्तपत्रात झिमेनीस या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोडेकाराने १९६६ च्या आपल्या पुस्तकात या प्रकाराची शिस्त घालून दिली. चांगल्या सूत्रात नेमका अर्थ असावा, न्याय्य शब्दखेळ असावा आणि याखेरीज काहीही नसावे, हे तिचे सार. यात लांबीची अट कुठेही नाही, हे तुमच्या संपादकांना दाखवा. पंधरा शब्दांचे सूत्र या कसोटीला उतरू शकते आणि तीन शब्दांचे नापास होऊ शकते. वरचे ‘महत्त्वाची व्यक्ती’ हेच त्याचे उदाहरण.

मात्र इंग्रजीतल्या युक्त्या उचलून मराठीत आणू नका, त्या इथे तग धरत नाहीत. इंग्रजी कोडेकारांचा सर्वांत लाडका खेळ म्हणजे अक्षरांची उलथापालथ. ‘द गार्डियन’मधल्या अ‍ॅरॉकेरिया या कोडेकाराने एका नाताळगीताच्या आरंभाची तब्बल ५९ अक्षरे फिरवून त्यांतून नाताळाचेच दुसरे अर्थपूर्ण वाक्य उभे केले होते. आपल्याकडे एका घरात एक पूर्ण अक्षर जाते, मात्रा आणि जोडाक्षरासकट. ‘महाराष्ट्र’ इंग्रजीत लिहिले तर अकरा घरे लागतात. मराठीत चार पुरतात, आणि चार अक्षरांच्या मांडण्या होतात चोवीस. तीन अक्षरांच्या तर सहाच. वाचक चहाचा घोट घेता घेता ते सोडवतो, आणि तुम्ही भोवती कितीही लांब गोष्ट रचलीत तरी आत सहाच शक्यता आहेत हे लपत नाही.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘मका’ उलटा वाचला की ‘काम’ होते, म्हणून ‘मका उलटला, म्हणून हाताला मिळाले (२)’ हे सूत्र चालते. पण ‘मक्याला उलटे केले’ असे लिहिलेत तर सामान्यरूपाने मूळ अक्षरच बदललेले असते आणि हाती ‘काम’ न येता ‘क्याम’ येते. समानार्थी शब्द सुचवायचा असेल तेव्हा प्रत्यय लागलेला चालतो, कारण वाचक तो मनातल्या मनात काढून टाकतो. जिथे अक्षरेच वापरायची आहेत तिथे जे छापले आहे तेच खरे. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते असे आपण लहानपणापासून ऐकतो, पण पहिली ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची ‘ची’ दीर्घ असल्यामुळे कोड्यात ते मी चालू देणार नाही. ‘नवजीवन’ चालेल.

मराठीला खरी साथ देतो तो जोडून-तोडून वाचण्याचा खेळ, आणि तो आपल्याला विलायतेतून आणावा लागलेला नाही. संस्कृतातल्या अंतर्लापिका आठवा: ‘कं संजघान कृष्णः’, कृष्णाने कोणाला मारले, असा प्रश्न, आणि तीच अक्षरे वेगळी तोडली की ‘कंसं जघान कृष्णः’, कंसाला मारले, हे उत्तर. प्रश्नाच्या पोटातच उत्तर, एकही अक्षर वाया नाही. याच वाटेने मी एकदा लिहिले होते: ‘घाव घाली, जोडून लिहिल्यास टाळ घेऊन पंढरीला निघालेला (४).’ घाव घाली, म्हणजे वार करी; जोडा, की ‘वारकरी’. इथे कोणी म्हणेल की ‘टाळ घेऊन’ काढले तरी सूत्र उभे राहते. राहते खरे. पण घावाच्या शेजारी ‘टाळ’ आला की तो चुकवण्याचा सल्ला आहे की हातातले वाद्य आहे, असा क्षणभर गोंधळ होतो, आणि तो गोंधळ मला हवा आहे. सूत्रातल्या शब्दाने एकतर माहिती द्यावी किंवा भूल घालावी. दोन्ही केले तर उत्तमच. काहीच करत नसेल तर तो शब्द काढावा, मग सूत्र कितीही लहान होवो.

लांब सूत्र सुचते कसे, हे तुम्हाला बहुधा विचारायचे असावे. मी उलट्या बाजूने जातो. उत्तराचा शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत, अक्षरांमध्ये अंतर ठेवून लिहितो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काय चिकटू शकेल ते पाहतो. ‘न व रा’च्या मागे ‘ती’ लावली की ‘तीन’ झाला, पुढे ‘ती’ लावली की ‘वराती’ आल्या. मग त्या तुकड्यांतून बोलताना सहज तोंडी येईल असे वाक्य होते का, हे मोठ्याने म्हणून पाहतो. होत नसेल तर तो शब्द सोडून देतो, ओढून ताणून वाक्य करत नाही. तयार झालेली सूत्रे मी थोरल्या वहिनींना वाचून दाखवत असे. त्यांना उत्तर येणे महत्त्वाचे नव्हते. उत्तर सांगितल्यावर त्यांनी सूत्र पुन्हा एकदा स्वतःशी म्हटले, तर ते पुरवणीकडे जाई. नुसते “असं होय” म्हणून त्या भाजी निवडू लागल्या, तर फाडले जाई. एकदा मी ‘सावली’साठी सत्तावीस शब्दांचे सूत्र लिहिले: ती सकाळी लांब, दुपारी पायाशी, कोणाची सोबतीण, कोणाला भिते, असे बरेच काही. शब्दखेळ त्यात शून्य होता, नुसते वर्णन होते. वहिनी म्हणाल्या, “एवढं वाचण्यापेक्षा मी उन्हात जाऊन उभी राहिले असते.” लांब सूत्राचे याहून नेमके परीक्षण माझ्या वाचनात नाही.

अर्ध्या मात्रेच्या त्या वचनाला उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडले, तोवर ते उपसंपादक दुसरीकडे निघून गेले होते. पतंजलींनी महाभाष्यात पाणिनीविषयी म्हटले आहे की त्याच्या सूत्रात एक वर्णसुद्धा निरर्थक असणे शक्य नाही. म्हणजे वैयाकरणांचा आनंद जे काम करत नाही ते गाळण्याचा आहे, जे दिसायला जास्तीचे वाटते ते गाळण्याचा नव्हे, आणि ज्याला शब्दाचे काम दिसत नाही त्याने कात्री हातात घेण्यापूर्वी लिहिणाऱ्याला एक फोन करावा. तुमच्या संपादकांनी चार शब्दांचा आग्रह धरलाच, तर त्यांना पूर्ण सूत्र आणि त्याखाली प्रत्येक शब्दाचे काम लिहून द्या आणि मग विचारा की यातला कोणता शब्द काढू. मी हे केले नव्हते. नुसती सूत्रे पाठवत होतो, आणि समोरच्याला ‘तीन’मध्ये लपलेला ‘न’ दिसेलच असे गृहीत धरत होतो.

हेही सांगायला हवे की संस्थेच्या अंकात सगळीच सूत्रे अशी दिलीत तर कोडे कोणी सोडवणार नाही; वीस शब्दांत चार-पाच पुरेत, बाकीची सरळ ठेवा, म्हणजे फसव्या सूत्रांना आधाराची अक्षरे मिळतील. आणि ज्या शब्दाला फसवे सूत्र दिले आहे त्याच्या निदान दोन घरांतून उभे शब्द जाऊ द्या. माझ्या त्या चौकटीत ‘नवरा’च्या शेवटच्या घरातून एखादा शब्द खाली गेला असता तर नवरी आणि नणंद दोघीही बाहेर राहिल्या असत्या, एवढा दोष माझ्याकडे येतो. ‘तीन’ मात्र त्यांनीच काढला.